बोली जिंकली, आता पैसे कसे द्याल?

झाशीहून कानपूरच्या रस्त्याला लागले की सुमारे ३० किलोमीटरवर चिरगाव येते. राष्ट्रकवी मैथिलीशरण गुप्त यांचा जन्म ३ ऑगस्ट १८८६ रोजी याच गावी झाला. त्यांची पुस्तकेही येथूनच निघत. 'साहित्य सदन, चिरगाव (झाशी)' हा पत्ता त्यांच्या पुस्तकांच्या जुन्या प्रतींवर आजही वाचायला मिळतो. एवढ्याशा गावातून छापून निघालेले पुस्तक टपालाच्या थैलीतून देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचत असे.

आता समजा, झाशीतल्या एका मराठी कुटुंबातल्या सुनेला हेच एखादे जुने पुस्तक हवे आहे. झाशीत मराठी कुटुंबे नेवाळकरांच्या काळापासून आहेत, तेव्हा ही कल्पना काही अवास्तव नाही. सासऱ्यांना शाळेत बक्षीस मिळालेली 'भारत-भारती'ची प्रत घर बदलताना हरवली. त्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस जवळ आला आहे. नवी प्रत दुकानात मिळेल, पण सुनेला हवी आहे ती तशीच, पिवळ्या पानांची, चिरगावचा पत्ता असलेली. एके दिवशी मोबाइलवर लिलावाच्या एका साइटवर ती दिसते. ती बोली लावते, दोन दिवस धाकधुकीत काढते आणि अखेर ३८० रुपयांना पुस्तक तिच्या नावावर होते.

येथपर्यंत सारे आनंदाचे. खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. विक्रेत्याचा निरोप येतो, "टपालखर्च ६० रुपये. माझ्या नंबरवर यूपीआयने ४४० रुपये टाका, लगेच पाठवतो. साइटवरून कार्डाने भरलेत तर १० रुपये जास्त पडतील. पार्सल आल्यावर पैसे द्यायचे असतील तर ७० रुपये जास्त. लवकर कळवा, आणखी दोघे मागत आहेत."

तिच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? बहुतेक जणी म्हणतील, "४४० रुपये तर आहेत! टाकून मोकळे व्हावे." नेमकी येथेच चूक होते. पाच-पन्नास हजारांचा व्यवहार असला की आपण घरात चार जणांना विचारतो. चार-पाचशेच्या व्यवहारात मात्र विचारत नाही, आणि फसवणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. रक्कम लहान असली की कोणी पोलिसांत जात नाही, घरात बोलणी खावी लागतील म्हणून कोणी वाच्यताही करत नाही. अशा शंभर जणी गप्प बसल्या की त्याचा महिना निघतो.

पोस्टमनच्या हातातला पैसा

न पाहिलेल्या माणसाकडून न पाहिलेली वस्तू विकत घेणे ही काही इंटरनेटने आणलेली नवलाई नाही. आपल्या टपाल खात्याने १८७७ साली व्हॅल्यू पेएबल पोस्ट म्हणजे व्ही.पी.ची सोय सुरू केली, तीच मुळी या अडचणीवर तोडगा म्हणून. पुस्तके, औषधे, बियाणे, घड्याळे असे काय काय लोकांनी व्ही.पी.ने मागवले! पत्र टाकायचे, पोस्टमन पार्सल घेऊन दारात येणार, त्याच्या हाती पैसे ठेवायचे आणि पार्सल घ्यायचे. ते पैसे टपाल खाते विक्रेत्याला पोहोचवी. १८८० पासून मनीऑर्डरही टपाल खात्याकडे आली. त्या मार्गाने पैसे आधी पाठवता येत, पण मग वस्तू येईपर्यंत विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागे.

या दोन्हींतला फरक नीट ध्यानात घ्या, कारण आजचे सारे मार्ग याच दोन घराण्यांतले आहेत. मनीऑर्डरीत पैसा थेट समोरच्याच्या हाती जातो. व्ही.पी.त तो तिऱ्हाइताच्या हातून जातो, आणि वस्तू आल्याशिवाय तुमच्या हातून सुटत नाही. मात्र व्ही.पी.लाही एक मर्यादा होती. पैसे आधी द्यायचे आणि पार्सल मग उघडायचे. पार्सल आले याची खात्री होती, आत काय आहे याची नव्हती. पुस्तकाऐवजी रद्दी निघाल्याचे किस्से आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून आपण ऐकलेच आहेत.

म्हणून पैसे देण्याचा कोणताही मार्ग निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: वस्तू माझ्या हाती येऊन मी ती पाहीपर्यंत माझा पैसा कोणाकडे असेल? विक्रेत्याकडे, मध्यस्थाकडे की माझ्याकडे? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की निम्मी निवड झालीच म्हणून समजा.

'बाझी'ने काय शिकवले?

भारतात ऑनलाइन लिलाव घरोघरी पोहोचवला तो २००० साली मुंबईत सुरू झालेल्या 'बाझी डॉट कॉम'ने. जुनी नाणी, तिकिटे, कॅमेरे, पुस्तके, घरात पडून असलेल्या वस्तू, सारे तेथे बोलीवर चढे. पण त्या काळी पैसे देणे हाच मोठा खटाटोप होता. अनेकांकडे क्रेडिट कार्ड नव्हते. मग डिमांड ड्राफ्ट काढा, चेक पाठवा किंवा मनीऑर्डर करा. मनीऑर्डरीचे कमिशन पुढे २० रुपयांमागे १ रुपया असे होते. म्हणजे दीडशे रुपये पाठवायला ८ रुपये. ड्राफ्टसाठी बँकेचे कमिशन, शिवाय तो पाठवण्याचा खर्च आणि बँकेच्या रांगेतला वेळ. शंभर रुपयांच्या नाण्यासाठी एवढी यातायात कोण करणार?

२००४ साली अमेरिकेच्या ईबे कंपनीने सुमारे ५ कोटी डॉलरना बाझी विकत घेतली. पुढे ईबे इंडियावर 'पैसापे' नावाची व्यवस्था रुळली. खरेदीदार पैसे पैसापेकडे भरी, विक्रेत्याला पैसे भरल्याचा निरोप जाई, तो वस्तू पाठवी आणि त्यानंतरच पैसे त्याच्या खात्यात जमा होत. वस्तू आलीच नाही किंवा भलतीच आली तर तक्रार करायला जागा होती. जुन्या व्ही.पी.चेच हे सुधारलेले रूप म्हणायला हरकत नाही.

ती सोय आता राहिलेली नाही. २०१७ साली ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेली आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ते संकेतस्थळ बंद झाले. लिलाव मात्र थांबले नाहीत. आज नाणी-नोटांच्या लिलावगृहांच्या स्वतःच्या साइट आहेत, आणि व्हॉट्सॅप-फेसबुकवरच्या संग्राहकांच्या गटांत रोज संध्याकाळी बोली चालते. झाशीच्या जुन्या टांकसाळीतला 'बलवंतनगर' छापाचा रुपया असो की आजोबांच्या काळची पुस्तके, तेथे सारे मिळते. फक्त अशा गटांत मधला माणूस नाही. ती जबाबदारी आता तुमच्यावर आहे.

चार मार्ग, चार स्वभाव

यूपीआय: एप्रिल २०१६ मध्ये ही व्यवस्था आली आणि भाजीवाल्यापासून किराणावाल्यापर्यंत सगळ्यांचे काम सोपे झाले. ग्राहकाला वेगळे शुल्क नाही, पैसे क्षणात पोहोचतात. पण हाच तिचा गुण अनोळखी विक्रेत्यापुढे दोष ठरतो. तुम्ही पिन टाकून एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे गेले ते गेले, त्याच्या संमतीवाचून ते सहसा परत येत नाहीत. येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. व्यवहार अर्धवट अडकला, खात्यातून पैसे गेले आणि समोर पोहोचले नाहीत, तर ते परत करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१९ साली बँकांना मुदत आखून दिली आहे आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईही ठेवली आहे. परंतु पैसे व्यवस्थित पोहोचले आणि पुस्तक मात्र आले नाही, तर बँकेच्या लेखी तो व्यवहार यशस्वी झालेला असतो!

म्हणून ओळखीचा, पूर्वी दोन-तीनदा व्यवहार केलेला विक्रेता असेल तर यूपीआयसारखा उत्तम मार्ग नाही. पहिल्याच खरेदीला मात्र जपून. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे बँकेत नोंदलेले नाव दिसते, ते वाचा. बोलणारा एक आणि खाते दुसऱ्याचेच, असे दिसले तर थांबा. आणि हे घरातल्या मुलांना, वडीलधाऱ्यांनाही सांगून ठेवा: पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. "तुमचे जास्तीचे पैसे परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा" असे कोणी म्हणाले की फोन खाली ठेवा.

बँकेतून थेट पैसे भरणे: नामवंत लिलावगृहे बोली संपल्यावर रीतसर बिल पाठवतात आणि कंपनीच्या खात्यात एनईएफटीने पैसे मागतात. डिसेंबर २०१९ पासून ही सेवा रात्रंदिवस चालू असते. एप्रिल २०२५ पासून पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव तपासून पाहण्याची सोयही बँकांनी दिली आहे, ती जरूर वापरा. बिलावरचे नाव आणि खात्याचे नाव एकच असले पाहिजे. आणखी एक, लिलावगृहात बोलीची रक्कम म्हणजे अंतिम किंमत नव्हे. तिच्यावर खरेदीदाराचे कमिशन, जीएसटी आणि टपालखर्च चढतो. नियम आधी वाचले नाहीत तर पाचशेची वस्तू घरी येईपर्यंत सात-आठशेची होऊ शकते.

कार्ड: क्रेडिट कार्डाने पैसे भरले तर बिलाची तारीख येईपर्यंत तुमच्या खात्यातून काही जात नाही. वस्तू आली नाही किंवा वर्णनाप्रमाणे निघाली नाही, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे त्या रकमेबद्दल वाद नोंदवता येतो. बँक विक्रेत्याच्या बाजूकडून खुलासा मागवते आणि तुमचे म्हणणे पटले तर रक्कम परत मिळते. डेबिट कार्डावरही असा वाद नोंदवता येतो, पण तोवर पैसे खात्यातून गेलेले असतात. यासाठी ठरावीक मुदत असते, तेव्हा "बघू, येईल" म्हणत महिनेच्या महिने वाट पाहू नका. परदेशातल्या लिलावात बोली लावायची असेल तर कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी बँकेच्या ॲपमधून सुरू करावे लागतात. २०२० पासून नवी कार्डे फक्त देशांतर्गत वापरासाठीच चालू करून देतात, हे चांगलेच आहे. काम झाले की ती सोय पुन्हा बंद करा. चलन बदलण्याचे बँकेचे शुल्क आणि सीमाशुल्क धरूनच बोलीचा आकडा ठरवा.

घरपोच आल्यावर रोख: हे व्ही.पी.चे नातवंड. पार्सल दारात येईपर्यंत पैसा तुमच्याकडे राहतो, ही मोठीच जमेची बाजू. पण आजोबांच्या काळचीच खोट अजून कायम आहे. बहुतेक कुरिअरवाले पैसे घेतल्याशिवाय पार्सल उघडू देत नाहीत. शिवाय यातून एक नवाच प्रकार निघाला आहे. न मागवलेले पार्सल दारात येते, घरातली थोरली माणसे "सुनेने काही मागवले असेल" म्हणून पैसे देऊन टाकतात. तेव्हा काही मागवले असेल तर रक्कम आणि पाठवणाऱ्याचे नाव कागदावर लिहून घरात ठेवा. त्या कागदावर नसलेले पार्सल घ्यायचे नाही, हा घरचा नियम.

विक्रेत्याचीही बाजू ऐका

यूपीआयने पैसे मागणारा प्रत्येक विक्रेता लबाड असतो असे मात्र नव्हे. आपली चार जुनी पुस्तके विकणाऱ्या निवृत्त शिक्षकाला कार्ड घेण्याची सोय करायची तर दर व्यवहारामागे साधारण दोन टक्के द्यावे लागतात. रोख रकमेचे पार्सल ग्राहकाने परत पाठवले तर येण्याजाण्याचा खर्च त्याच्याच माथी पडतो. यूपीआयवर असे शुल्क नाही म्हणून तो ते मागतो. त्याच्या दृष्टीने तुम्हीही अनोळखीच की!

म्हणून नकार देण्याऐवजी मधला मार्ग सुचवा. त्याला त्या दिवशीचे वर्तमानपत्र शेजारी ठेवून पुस्तकाचा फोटो मागा. पहिल्या पानाचा, बांधणीचा, फाटलेल्या कोपऱ्याचा फोटो मागा. व्हिडिओवर दाखवा म्हणा. वस्तू ज्याच्या हातात आहे त्याला हे दोन मिनिटांचे काम असते. सबबी सुरू झाल्या, किंवा "आणखी दोघे मागत आहेत" हेच पालुपद चालू राहिले, तर ती वस्तू त्या दोघांना खुशाल घेऊ द्या. काही जण स्पीड पोस्टची पावती पाठवल्यावर उरलेली निम्मी रक्कम घ्यायला तयार होतात. हाही चांगला मार्ग, कारण धोका दोघांत वाटला जातो.

वेगळा डबा ठेवा

आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यात एक पुरचुंडी असे आणि तांदळाच्या डब्यात दुसरी. एक सापडली तरी दुसरी शाबूत राही. हीच युक्ती येथे वापरा. ज्या खात्यात पगार येतो किंवा मुलांच्या फीचे पैसे आहेत, ते खाते अनोळखी व्यवहारांना जोडू नका. एक लहानसे वेगळे खाते उघडा, त्यात हजार-दोन हजारांवर ठेवू नका आणि लिलावाचे पैसे त्यातूनच द्या.

दुसरे, जादा १० किंवा ७० रुपये द्यावेत की नाही याचा हिशेब आधीच करा. दीडशेच्या पोस्टकार्डासाठी ७० रुपयांचे संरक्षण घेण्यात अर्थ नाही. ते सुरक्षित मार्गाने मिळत नसेल तर दीडशे गेले तरी चालतील का, एवढेच पाहा. पण ४४० रुपयांच्या, पुन्हा न मिळणाऱ्या पुस्तकासाठी १० रुपये देऊन तक्रारीचा हक्क मिळत असेल तर तो स्वस्तच म्हटला पाहिजे.

फसगत झालीच तर

पार्सल उघडताना दुसऱ्या कोणाला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. वरचा पत्ता, सील आणि आतली वस्तू एकाच सलग चित्रणात आली पाहिजे. लिलावाचे पान, विक्रेत्याचे निरोप आणि पैसे दिल्याचा क्रमांक जपून ठेवा.

फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. स्वतःच्या बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा. तुम्ही केलाच नाही असा व्यवहार खात्यातून झाला असेल आणि त्यात तुमची वा बँकेची चूक नसेल, तर बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केल्यास भुर्दंड तुमच्यावर पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम सांगतो. मात्र स्वतःहून पिन टाकून दिलेल्या पैशांना तो कामी येत नाही.

विक्रेता हा व्यवसाय म्हणून विकणारा असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही लागत नाही. परंतु घरातली एखादी जुनी वस्तू सहज विकणाऱ्या खाजगी माणसाला २०२० चे ई-कॉमर्सचे नियम लागू होत नाहीत. कायद्याची ही पोकळी लक्षात घेतली, तर आधीची सावधगिरी किती महत्त्वाची हे वेगळे सांगायला नको.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरात लपवू नका. "आपलीच चूक" म्हणून गप्प बसणारी गृहिणी पुढच्या ठकाला मोकळे रान देते. आणि घरातल्यांनीही चारशे रुपयांसाठी तिला चार दिवस बोलून दाखवू नये. फसवणारा गुन्हेगार असतो, फसलेली व्यक्ती नव्हे.

तर मग आपल्या झाशीच्या सुनेने काय करावे? विक्रेत्याकडून पहिल्या पानाचा फोटो मागवावा, त्यावर चिरगावचा पत्ता पाहावा आणि १० रुपये जास्त मोजून साइटवरून कार्डाने पैसे भरावेत. विक्रेता खरा असेल तर त्याचे काहीच बिघडत नाही, आणि खोटा असेल तर तो लगेच "साइट बंद पडली आहे, थेट टाका" म्हणू लागेल. मग पुस्तक हातचे गेले तरी पैसे राहतील, आणि दुसरी प्रत कधीतरी पुन्हा बोलीवर येईल.

पण सारे ठीक झाले, तर वाढदिवसाच्या सकाळी सासरे पुडके सोडतील, चष्मा पुसतील आणि पहिल्या पानावरचा तो जुना पत्ता मोठ्याने वाचतील. चिरगाव तेथून जेमतेम तासाभराच्या अंतरावर, आणि पुस्तक मात्र सारा देश फिरून घरी आलेले!